वजरी

परवा दुपारी अजिंक्यताऱ्यावरून उतरून घरी आलो, पाय धुवायला मोरीत बसलो तर टाचा घासायची वजरी जागेवर नाही. म्हणजे एक होती, पण ती नवी, गुलाबी प्लॅस्टिकच्या मुठीची, बायकोने कुठल्याशा सेलमधून आणलेली. आमची दगडाची गायब. विचारल्यावर कळलं की ती वॉशिंग मशीनच्या एका पायाखाली सरकवलीय, मशीन थडथडतं म्हणून. आता यावर काय बोलणार. मशीन तिरकं करून दगड काढला, तिथं जुनी वही दुमडून घातली आणि मग दोन तास घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

मी गडावर दुपारीच जातो. पावसाळा संपून थंडी पडायच्या आधीच्या दिवसात तर दुपारीच. सकाळी निम्मा सातारा वर असतो आणि प्रत्येकाच्या मनगटाला ते घड्याळ, किती स्टेप झाल्या, किती मिनिटात आलास, हार्टरेट किती. अरे बाबा, बुडापासून माथ्यापर्यंत तीनशे मीटरच्या आसपास चढ, त्याचं काय मोजायचं! मी मध्ये तीनदा बसतो. एकदा दम लागतो म्हणून आणि दोनदा उगाच. हे सकाळी ओळखीच्या माणसांच्या देखत करता येत नाही.

यावेळी बरोबर भाचा होता, पुण्याहून सुट्टीला आलेला, आठवीतला. वर पोचायच्या आधी विचारतो, मामा, याचं तोंड कुठंय? मला वाटलं महादरवाजा विचारतोय, म्हणून मी मोठ्या कौतुकाने त्याला बुरूज दाखवले, औरंगजेब १६९९ च्या डिसेंबरात इथं वेढा घालून बसला, सुरुंग लावले, गड हातात यायला एप्रिल १७०० उजाडला, वगैरे आपलं नेहमीचं भाषण. त्याने सगळं ऐकून घेतलं (गुणी आहे पोरगा) आणि म्हणाला, तसलं तोंड नाही, ज्वालामुखीचं तोंड. सर म्हणाले आपले सगळे डोंगर लाव्हाचे आहेत, मग तो बाहेर कुठून आला?

पन्नास वर्षं या गावात काढली, चार भिंतीपाशी बसून शेकडो कणसं खाल्ली, यवतेश्वर, सज्जनगड, चंदन-वंदन, वैराटगड सगळं पायाखालून गेलं, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ज्वालामुखी म्हणजे जपानमध्ये, कॅलेंडरवर, वर बर्फ आणि धूर. आपल्या डोंगराला तर टोकच नाही! खाली कडा ताशीव आणि माथ्यावर सरळ क्रिकेट खेळावं एवढं पठार. लहानपणी चित्रकलेत मात्र आम्ही सगळ्यांनी त्रिकोणी डोंगर काढले, दोन त्रिकोणांच्या मधून उगवणारा सूर्य, आणि वर्गाच्या खिडकीतून समोर हा सपाट अजिंक्यतारा दिसत होता, त्याच्याकडे बघून एकानेही काढला नाही. बाईंनीही कुणाला म्हटलं नाही.

तर त्याला तोंडच नाही, हे मग भाच्यानेच मला समजावलं, थोडं मोबाइलमध्ये बघून, थोडं सरांच्या भरवशावर. ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्या भेगांमधून लाव्हा नुसता वाहत राहिला, धिरड्याचं पीठ तव्यावर पसरावं तसा. एक थर, तो निवला की त्यावर दुसरा, मग तिसरा. इतके की आज एवढी झीज होऊनसुद्धा ५ लाख चौरस किलोमीटरवर तोच खडक आहे. दोन थरांच्या मध्ये कधीकधी एवढा काळ गेला की वर माती झाली, आणि मग पुढचा लाव्हा येऊन ती भाजून लाल झाली. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथं काळ्या दगडात मध्येच जो लाल पट्टा दिसतो तो हाच, मी आजवर मुरूम समजत होतो. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराचा उतार, आणि माथ्यावर जो थर टिकला तो सपाट. म्हणजे गड बांधणाऱ्यांना निम्मा तट आयताच मिळालेला.

मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते वेगळंच. हा सगळा लाव्हा ज्या चुलीवरचा, ती चूल म्हणे अजून पेटलेली आहे. हिंदी महासागरात रियुनियन नावाचं बेट आहे, त्याच्या खाली. चूल जागेवर राहिली आणि आपला देश वरून सरकत सरकत उत्तरेला आला. तिथला ज्वालामुखी अजून अधूनमधून उफाळतो. इकडे आपण चुलीवरून कधीचे उतरवलेले, गार.

भेगा म्हटलं की मला आजीच्या टाचा आठवतात. त्यात रुपया उभा राहील अशा भेगा होत्या. ती श्रावणातल्या शनिवारी जरंडेश्वराला जायची, अनवाणी, एका हातात तेलाची बुधली, दुसऱ्या हातात रुईच्या पानांची माळ, आणि मी मागे मागे राजगिऱ्याच्या लाडवांची पिशवी छातीशी धरून, कारण माकडं. जरंडा चढताना ती बोलायची नाही. वर मारुतीला तेल घातलं की मग गोष्ट सुरू. हनुमंत द्रोणागिरी घेऊन चालला होता, त्याचा एक तुकडा हितं पडला, त्यो ह्यो डोंगुर. म्हणूनच त्यावर एवढ्या औषधी वनस्पती. मी विचारायचो, मग बाकीचे डोंगर? ती म्हणायची, त्ये हुतंच की आदी.

एकदा उतरताना ती मध्येच वाकली आणि पायाखालचा एक दगड उचलला. काळपट, मुठीएवढा, सगळीकडून भोकं. उलटासुलटा केला, अंगठ्याने चाचपला. म्हणाली, बग की कशी वजरी हाय. मी म्हटलं, आज्जी, देवाच्या डोंगरावरचा दगड न्यायचा का? तर म्हणते, आरं त्याच्या हातनंच पडलाय न्हवं, एवढ्याशानं काय हुतंय त्याला. आणि पदरात बांधला. त्या रात्री चुलीवर पाणी तापवून तिने त्यात पाय सोडले आणि कितीतरी वेळ टाचा घासत बसली, खर्र खर्र, मी शेजारी अंथरुणावर पडून तो आवाज ऐकतोय.

तोच हा दगड. भाचा हातात घेऊन म्हणाला, मामा ही भोकं म्हणजे लाव्हातले वायूचे बुडबुडे, बाहेर निघायच्या आत दगड निवला. एका भोकात पांढरं खड्यासारखं काहीतरी चमकतंय, ते म्हणे झिओलाइट असेल, नंतर खडकातून पाणी झिरपताना बसलेलं. आजी त्याला मीठ म्हणायची. आम्ही एकदा जीभ लावून बघितली होती, मीठ नव्हतं.

एका बाजूने दगड पार गुळगुळीत झालाय. तेवढी भोकं बुजल्यासारखी दिसतात, पण बुजली नाहीत, झिजली. तिसेक वर्षं आजीने घासली, मग आईने, आता मी. ६.६ कोटी वर्षांचे बुडबुडे आमच्या घरच्या टाचांनी संपवत आणलेत.

शेवटचं वर्षभर आजी खाटेवरच होती. एकदा तिचे पाय पुसत होतो तर हाताला काही लागेना. टाचा लहान बाळासारख्या मऊ, एक भेग नाही. मी म्हटलं, आज्जी, टाचा बग कशा झाल्या. तिने मान वळवली नाही. म्हणाली, चालल्याबिगर काय ऱ्हातंय व्हय भेगा.

काल भाच्याचा फोन. शाळेत प्रोजेक्ट आहे, मामा तो वजरीचा दगड दे ना, परत आणून देतो. नाही म्हटलं. फारच पटकन म्हटलं बहुतेक, कारण मागून बहीण म्हणाली, दादा, दगडच आहे तो. मग आज पुन्हा वर जाऊन त्याच्यासाठी दुसरा शोधून आणला. भोकं जरा कमी आहेत. चालेल म्हणाला.