आधी मशीन गरम होऊ द्या

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. तुम्ही एकटेच नाही. दिंडोरी, निफाड, सिन्नर, चांदवड, कुठूनही फोन आला की पावसापाण्याचं आणि कांद्याच्या भावाचं बोलून झाल्यावर गाडी याच प्रश्नावर येते: "भाऊ, एक जुना छोटा डोझर बघून ठेवलाय. चेन बरी आहे, इंजिन बरं आहे. गिअरबॉक्सचं तेवढं कसं ओळखायचं?"

फोन वाढलेत त्याचंही कारण आहे. २०१६ ला 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. तळं पोकलेन खोदतो, पण निघालेला मुरूम पसरायला, बांध घालायला डोझर लागतो. द्राक्षवाल्यांना चढ-उताराची जमीन एका पातळीत हवी असते. त्यात २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलेला, म्हणजे रस्ते, पार्किंग, सपाटीकरण. ज्याच्याकडे एखादा ट्रॅक्टर आणि थोडी शिल्लक आहे त्याला वाटतं, आठ टनांच्या आतला एखादा डोझर तासावर फिरवला तर घर चालेल. चालतं, मी तेच करतो. पण माझ्या पहिल्या डोझरने पहिल्याच उन्हाळ्यात मला पावणेदोन लाखांची शाळा शिकवली, ती सांगतो.

त्याआधी गिअरबॉक्सची भीती का, ते. इंजिनचं काम करणारे नाशकात पायलीचे पन्नास. चेन, रोलर, स्प्रॉकेटची झीज डोळ्यांना दिसते, हाताला लागते. गिअरबॉक्स मात्र सीटखाली दडलेला. खोलायचा तर सीट काढा, फ्लोअरच्या प्लेटा काढा, होज सोडा, चेन ब्लॉक लावा. आणि छोट्या डोझरचा माल जेसीबीच्या मालासारखा नाशकातल्या द्वारका भागातल्या दुकानात काउंटरवर मिळत नाही. मागवावा लागतो, थांबावं लागतं. तेवढे दिवस मशीन उभं, हप्ता मात्र चालू.

विकणारा काय करतो बघा. सकाळी नऊला बोलावतो. चावी मारतो, दोनदा पुढे, दोनदा मागे, ब्लेड वर-खाली, आणि लगेच चहा. सकाळी नऊला सगळेच डोझर चांगले असतात. पॉवरशिफ्ट, म्हणजे क्लच पेडल न दाबता गिअर बदलणाऱ्या गिअरबॉक्समध्ये, गिअर दाबून धरतं ते तेलाचं प्रेशर. पुढचा, मागचा, पहिला, दुसरा अशा प्रत्येकाचा प्लेटांचा एकेक गठ्ठा असतो, एक घर्षणाची प्लेट, एक लोखंडी, अशा एकाआड एक. त्यांच्यामागचा पिस्टन तेलाच्या जोराने गठ्ठा आवळतो आणि मशीन हलतं. तेल थंड आणि घट्ट असेल तर झिजलेल्या सीलमधून, पंपाच्या वाढलेल्या फटीतून ते फारसं निसटत नाही, गठ्ठा आवळलेला राहतो. तासभर माती ढकलली की तेल पातळ होतं आणि मग आतलं सगळं बाहेर येतं. म्हणून माझं पहिलं उत्तर नेहमी तेच: अर्धा-पाऊण तास ब्लेडभर माती ढकलायला लावा. डिझेलचे पैसे तुम्ही द्या. मशीन गरम झाल्यावर मग भावाचं बोला.

गरम झाल्यावर दम सोडला, तरी "बॉक्स गेला" म्हणू नका. माझं इथेच चुकलं.

दिंडोरीच्या पुढे एका द्राक्षवाल्याकडे काम होतं, एप्रिल अखेर. सकाळी मशीन उत्तम. दुपारी बाराच्या सुमाराला ब्लेडभर मुरूम घेतला की इंजिन गरगरायचं आणि चेन जागच्या जागी. गिअर बदलून बघितला, तेच. पार्टी बांधावर छत्री घेऊन उभी. मी एका मिस्त्रीला बोलावलं. त्याने पाच मिनिटं चालवून बघितलं आणि सांगितलं, "प्लेटा गेल्या, खोलावा लागेल." मला बरंच वाटलं, निदान काहीतरी सापडलं म्हणून. लोबेड (मशीन वाहून नेणारा बुटका ट्रेलर) मागवला, मशीन आडगावला आणलं, खोललं.

प्लेटा मी स्वतः हातात घेऊन बघितल्या होत्या. घर्षणाच्या प्लेटेवर तेल वाहायला बारीक खाचा असतात. झिजलेल्या प्लेटेवर त्या पुसल्या जातात, जळालेल्या प्लेटेवर काळे-निळे डाग पडतात. माझ्या प्लेटांवर खाचा स्पष्ट दिसत होत्या, बोटाच्या नखाला लागत होत्या. मी बघितलं आणि गप्प बसलो. बॉक्स उघडलाच आहे तर घालूनच टाकू, असा विचार केला. प्लेटा, सीलचं किट, तेल, मजुरी, लोबेड जाऊन-येऊन, सगळं मिळून पावणेदोन लाख. मशीन परत दिंडोरीला गेलं. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दुपारी पुन्हा इंजिन गरगरलं, चेन जागच्या जागी.

तेव्हा कुणीतरी चाचांचं नाव सुचवलं. वय साठीच्या पुढे, आयुष्यभर मोठ्या मशिनरीत गेलेले. ते आले, मशीनभोवती एक चक्कर मारली आणि पान्हा मागायच्या ऐवजी विचारलं, "गेज आहे का?" माझ्याकडे नव्हतं. त्यांच्या पिशवीत होतं, जुन्या बनियनच्या कापडात गुंडाळलेलं. ट्रान्समिशनच्या लाइनवर प्रेशर बघायचा प्लग असतो, तो काढून त्यांनी गेज लावलं. थंड मशीनला काटा २२ किलोवर (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २२ किलो). मशीनच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर. मग म्हणाले, आता काम करा, मी झाडाखाली बसतो.

साडेबाराला काटा ११ वर आला होता आणि थरथरत होता. मी म्हटलं, "चाचा, सील पुन्हा गेलं बहुतेक." ते म्हणाले, "बंद कर. चहा सांग."

वीस मिनिटांनी त्यांनी चालू करायला सांगितलं. काटा २० वर! मी खूश झालो. चाचा माझ्याकडे बघत राहिले, मग मला बॉक्सच्या बॉडीवर हात ठेवायला लावला. चटका बसला. "तेल गरमच आहे ना? एप्रिलच्या दुपारी वीस मिनिटांत काय थंड होणार? सील गेलं असतं तर प्रेशर परत आलं नसतं. काहीतरी चालताना बंद होतंय आणि थांबलं की उघडतंय."

आधी त्यांनी सक्शनची जाळी काढली. ही जाळी पंपाच्या आधी असते आणि बरेच मालक ती आहे हेच विसरतात. चिंध्या, सिलिकॉनचे तुकडे अडकले की पंपाला तेल ओढता येत नाही; मशीन थांबलं की कचरा खाली पडतो आणि वाट मोकळी होते. आमची जाळी स्वच्छ होती, नुकतीच धुतलेली. मग त्यांनी जाळीपासून पंपापर्यंतचा होज सोडवला. बाहेरून एकदम नवा वाटत होता. हॅक्सॉने मधोमध उभा चिरला. आतल्या रबराचा एक थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. तेल गरम झालं की रबर मऊ पडायचं, पंप ओढायला लागला की ती जीभ आडवी यायची. इंजिन बंद केलं की परत भिंतीला चिकटायची.

आधीच्या मालकाने कधीतरी सक्शनला साधा होज लावून टाकला होता. सक्शनच्या होजला आतून दाब नसतो, ओढ असते. म्हणून त्याच्या पोटात तारेचं वेटोळं लागतं, नाहीतर तो दबतो. नाशकात अंबडला होज बनवून देणाऱ्याकडे जाऊन '१०० आर ४' हा सक्शन होजचा नंबर सांगायचा, त्याला कळतं. नवीन होज क्लॅम्पसकट काही हजारांत झाला. चाचांनी स्वतःचे घेतले ते त्याहूनही कमी, आणि जाताना म्हणाले, "जुन्या प्लेटा टाकल्यास का? ठेवायच्या होत्यास." टाकल्या होत्या, भंगारात.

तेव्हापासून माझ्या पिशवीत ४० किलोपर्यंतचं गेज असतं. तुम्हीही घ्या, डोझर घ्यायच्या आधी घ्या. गेज लावलं की अर्धे तर्क तिथेच गळतात. सगळ्या गिअरमध्ये प्रेशर कमी असेल तर दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेवर: तेलाची पातळी, जाळी, होज, पंप, रिलीफ व्हॉल्व्ह. फक्त मागच्या गिअरमध्ये पडत असेल तर मागच्या गठ्ठ्याचं सील. सगळीकडे प्रेशर बरोबर आणि तरीही स्लिप मारतोय, तेव्हा कुठे प्लेटांकडे बोट दाखवा. त्याआधीही लिव्हरच्या लिंकेजकडे एक नजर टाका. पिना झिजून लिव्हर जागेवर जातो पण आतला स्पूल (तेलाची वाट बदलणारा दांडा) पूर्ण सरकत नाही, हे मी दोन मशीनमध्ये बघितलंय. एक पिन बदलली आणि काम झालं.

टॉर्क कन्व्हर्टरवालं (म्हणजे इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारं) मशीन असेल तर स्टॉल टेस्टही होते. ब्रेक पक्के दाबून, वरच्या गिअरमध्ये फुल रेस द्यायची आणि इंजिन किती फेऱ्यांवर अडतं ते बघायचं. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा खूप वर गेलं तर प्लेटा किंवा कन्व्हर्टर निसटतोय. खूप खाली अडलं तर गिअरबॉक्सला शिव्या देऊ नका, इंजिन कमजोर आहे. काही सेकंदांतच सोडायचं, कारण सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. आणि समोर माणूस उभा करायचा नाही, कितीही ओळखीचा असला तरी.

क्लच पेडलवाली जुनी डायरेक्ट ड्राइव्ह मशीनं वेगळी. तिथे भानगड कमी, क्लचची ॲडजस्टमेंट आणि गिअरचे दात. ज्याला ट्रॅक्टर कळतो त्याला तीही कळतात.

आता तेल. इथे आपली माणसं फार मन मानेल तसं वागतात. इंजिनमधलं उरलेलं तेल गिअरबॉक्सला, ट्रॅक्टरचं नव्वद नंबरही गिअरबॉक्सला, "तेल ते तेल" म्हणून. पॉवरशिफ्टच्या प्लेटांना तेलात राहूनही एकमेकींना पकडायचं असतं. हल्लीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी औषधं असतात, ती इंजिनला चांगली, इथे नुकसान करतात. प्लेट निसटते, तापते, जळते. जीएल-५ चं गिअर ऑइल तर नकोच. त्यातलं गंधकाचं औषध उष्णतेत पितळी बुश खातं. पुस्तकात टीओ-४ (अशा गिअरबॉक्सच्या तेलाचा दर्जा) लिहिलं असेल तर डब्यावर टीओ-४ छापलेलंच घ्या. आपल्या हवेत माझ्या मशीनला ३० नंबर चालतं. तुमच्या पुस्तकाचा तक्ता बघा. पुस्तक नसेल तर आधी पुस्तक मिळवा, मग मशीन.

जुनं मशीन बघायला गेलात तर ड्रेन प्लग काढायला लावा. विकणारा कुरकुर करेल. प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असेल, बोटावर घेतला तर पावडरसारखा, तर वयाच्या मानाने ठीक. सुईसारखे कण, दाताचा तुकडा असेल तर निघून या. चुंबकाला न चिकटणारी चमक तेलात दिसली तर ती ॲल्युमिनियमची किंवा पितळेची, म्हणजे कन्व्हर्टर किंवा प्लेटा-बुश बोलतायत. तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा असेल तर पाणी गेलंय. आपल्याकडे ते बहुतेक वेळा वॉशिंग सेंटरवर जातं. विकायच्या आदल्या दिवशी मशीन चकचकीत करायला प्रेशरचा पाइप डिपस्टिक आणि ब्रीदरवर मारतात.

ब्रीदरवरून आठवलं. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला एक छोटी टोपी असते. काळ्या मातीत दोन सीझन काढले की ती गाळाने बुजते. मग आत गरम हवेचा दाब वाढतो आणि तो सीलमधून वाट काढतो. माणसं सील बदलत राहतात, महिन्याने परत गळती. टोपी काढून डिझेलमध्ये धुवायला दहा मिनिटं लागतात, पण ती दिसावी लागते. माझ्या मशीनची सीटच्या मागे, ग्रीस आणि चिखलाच्या थराखाली होती. मला ती पुस्तकातलं चित्र बघून सापडली.

माझ्या मशीनला फिल्टर ५०० तासांनी आणि तेल १००० तासांनी आहे. मी मेच्या कामानंतर तास न बघता फिल्टर बदलतो, आणि जुना फेकत नाही. कापतो, कागद उलगडून उन्हात धरतो. काय चमकतंय ते बघतो. बायको म्हणते, पत्रिका बघितल्यासारखं बघता.

आणि एक: बंद पडलेला पॉवरशिफ्ट डोझर दुसऱ्या मशीनने ओढून लांब नेऊ नका. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे आत तेल फिरत नाही, आणि गिअर मात्र चेनबरोबर फिरतात. लोबेडचं भाडं वाचवायला गेलेल्या एकाचा बॉक्स असाच संपलाय.

मागच्या आठवड्यात निफाडकडचा एक मुलगा मुसळगावजवळ डोझर बघायला गेला होता. आधी मला फोन केलेला, हे सगळं त्याला सांगितलेलं. दुपारी त्याचा परत फोन.

"काका, तो म्हणतो पाच मिनिटं चालवून बघा. अर्धा तास माती ढकलू देत नाही. डिझेलचे देतो म्हटलं तरी नाही."

"मग?"

"मग काय, बसमध्ये आहे. घरी चाललो."