दोना पावलाच्या लॅबमधले सप्टेंबरचे दिवस

गावाकडून फोन आला की मावशी असो नाहीतर शाळेतली मैत्रीण, विचारणं एकच: 'रात्री अकरा-अकरापर्यंत लॅबमध्ये बसतेस, एवढं काम तरी काय असतं गं?' फोनवर दोन मिनिटांत हे सांगता येत नाही. त्यासाठी आधी अरबी समुद्राच्या पोटात सप्टेंबरमध्ये काय घडतं ते सांगावं लागतं. म्हणून आज सविस्तर लिहिते.

पणजीहून मिरामार ओलांडून सरळ आलं की दोना पावला. एका अंगाला मांडवी समुद्राला मिळते, दुसऱ्या अंगाला जुवारी. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना १९६६ची, आणि तिचं मुख्यालय इथेच आहे. त्यामुळे या टापूत समुद्रावर काम करणारी माणसं पुष्कळ भेटतात. माझं काम समुद्राच्या पाण्यातला ऑक्सिजन आणि नायट्रेट मोजण्याचं.

आता सप्टेंबरच का? पावसाळ्यात वाऱ्यामुळे आणि किनाऱ्यालगतच्या प्रवाहामुळे खोल समुद्रातलं थंड पाणी तळातून वर सरकत किनाऱ्याजवळ येतं. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरच्या आसपासपर्यंत पाण्याचा एक जाडजूड थर असा आहे, की त्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. वर सरकणाऱ्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी असतो, त्याचं कारण हा थर. त्यात पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी वरून येऊन पसरतं. ते हलकं, म्हणून वरच तरंगत राहतं आणि खालच्या पाण्याला हवा मिळू देत नाही. वर वाढलेलं शेवाळ मरून खाली बसतं, ते कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. तो संपला की जिवाणू नायट्रेटवर जगायला लागतात. नायट्रेटही संपलं की सल्फेटवर, आणि मग तळाच्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाटलीची तोटी उघडली की नाकालाच कळतं, आपण कुठल्या थराचं पाणी काढलंय ते. नोव्हेंबरच्या सुमारास प्रवाहाची दिशा बदलते आणि पाणी पुन्हा ताजं होतं.

कांदोळीसमोर, किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटर आत, एका ठरलेल्या जागी १९९७ पासून पाण्याचे नमुने घेतले जातात. तिथे खोली पंचवीस मीटरच्या थोडी वर. पहाटे बोट मांडवीतून बाहेर पडते, उजव्या हाताला आग्वादचा किल्ला मागे पडतो आणि मग लाटा सुरू होतात. एकेका खोलीवर बाटली सोडायची, ती तिथेच बंद करायची, वर ओढून घ्यायची. वर आल्याबरोबर पहिलं पाणी ऑक्सिजनसाठी. रबरी नळी काचेच्या बाटलीच्या तळाशी टेकवून हळूहळू भरायचं, बाटली भरून वाहू द्यायची, एकही बुडबुडा आत जाऊ द्यायचा नाही. लगेच मँगनीजचं द्रावण आणि मग आयोडाइडचं अल्कधर्मी द्रावण घालून बूच लावायचं आणि बाटली उलटीसुलटी हलवायची. ही रीत विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली दिली आणि आजही अचूक मोजमापासाठी तिचाच आधार घेतात.

त्या बाटल्या एका ओळीत ठेवल्या की समुद्र समोर मांडल्यासारखा दिसतो. वरच्या पाण्याच्या बाटलीत गडद तपकिरी साका. खाली जावं तसा तो फिका होत जातो. आणि सप्टेंबरमध्ये तळाच्या बाटलीत साका अगदी पांढरा असतो, दह्याच्या निवळीत खाली बसतो तसा. पांढरा म्हणजे ऑक्सिजन नाही. ज्या पाण्यात मासा श्वास घेऊ शकत नाही ते पाणी मी हातात धरलेलं असतं.

दुपारी बोट परत येते आणि खरा दिवस तिथून सुरू होतो. साका बसलेल्या बाटल्या फार काळ ठेवता येत नाहीत, त्यांचं टायट्रेशन त्याच दिवशी उरकायचं. ॲसिड घातलं की पाणी पिवळं होतं, ब्युरेटमधून थायोसल्फेटचे थेंब सोडत जायचं, पिवळा रंग फिका झाला की स्टार्च घालायचा, सगळं निळं होतं, आणि मग एका थेंबाला निळा रंग नाहीसा होतो. तो एक थेंब नेमका पकडायचा. वरच्या पाण्यात लिटरला साधारण दोनशे मायक्रोमोल ऑक्सिजन निघतो, तळाला शून्याच्या जवळ. प्रत्येक खोलीच्या दोन-दोन बाटल्या, शिवाय थायोसल्फेटचं स्टँडर्डायझेशन, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता ठरवणं, शिवाय ब्लँक, म्हणजे रसायनांमुळेच येणारा आकडा वेगळा काढणं. हे होईपर्यंत बाहेर अंधार पडलेला असतो.

मग नायट्रेटचा रन. गाळलेलं पाणी कॅडमियमच्या कॉलममधून सोडलं की नायट्रेटचं नायट्राइट होतं, त्यात रंगद्रव्य तयार करणारी रसायनं घातली की गुलाबी रंग चढतो. जितकं नायट्रेट तितका रंग गडद. तो स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वाचायचा. हे सॅम्पल रात्रभर टेबलावर राहिलं तर त्यातले जीव नायट्रेट खाऊन टाकतात आणि सकाळी मोजलेला आकडा समुद्राचा राहत नाही. डीप फ्रीझरमध्ये ठेवता येतं, पण ताज्या पाण्याचं रीडिंग ते ताज्या पाण्याचं. मी शक्य तेवढं त्याच रात्री संपवते.

आणि धुणं! आमच्या कामाचा केवढातरी वेळ काच धुण्यात जातो, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात लिहिलेलं नसतं. साध्या साबणात फॉस्फेट असू शकतं, म्हणून तो चालत नाही. पातळ ॲसिडमध्ये बुडवून ठेवायचं, मग शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा विसळायचं. मला हे काम मनापासून आवडतं. उद्याचा आकडा खरा येणार की नाही, हे आज रात्री सिंकपाशी ठरतं.

आण्णांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती युरियाची. तासगावकडे द्राक्षबाग असलेल्या माणसाला नायट्रेट कळतं. जमिनीवरून वाहून गेलेलं खत नद्यांतून समुद्राला मिळतं, त्याने शेवाळ वाढतं, ते कुजताना ऑक्सिजन आणखी कमी होतो. या साखळीत नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरून ठेवतो. २००० साली डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रातून हा वायू मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'मग तुझं रात्री थांबणं बरोबर आहे.' ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की तेही वेळ बघत नाहीत, सरळ फवारणीला निघतात.

एका गोष्टीचं वाईट वाटतं, ते लपवत नाही. चवथ बहुतेक वेळा नेमकी याच दिवसांत येते, आणि घरच्या गौरी-गणपतीला जाणं होत नाही. मी ताळगावात भाड्याने राहते. घरमालकीणबाईंना मी मावशी म्हणते. त्यांच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात: सुपारीचे घोस, नारळ, तवशी, रानातली कवंडळं, सगळं लाकडी चौकटीला टांगलेलं. आमच्याकडे मखर असतं, पण रानातलं जे पिकतं ते देवाच्या डोक्यावर टांगायची ही रीत मला फार भावली. मी रात्री उशिरा गेट उघडलं की आतून आवाज येतो, 'बाय, जेवण जालें?' आणि 'हो' म्हटलं तरी ताटात पातोळ्या, नेवऱ्या पडतात. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंपू वाजवत येतो, तेव्हा माझ्यासाठीही पाव घेऊन ठेवलेले असतात.

मी या कामाला चिकटून आहे याचं कारण त्या १९९७ पासूनच्या नोंदी. माझ्याआधी कितीतरी जणांनी त्याच जागी बाटली सोडली, तसंच टायट्रेशन केलं, रात्री जागून आकडे वहीत लिहिले. त्यातले कुणी आता निवृत्त झाले, कुणी दुसऱ्या देशात गेले. एका वर्षीच्या आकड्यावरून समुद्र बदलतोय की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, वर्षांनुवर्षांच्या ओळीवरून येतं. त्या ओळीत यंदाच्या सप्टेंबरची जागा रिकामी राहिली तर ती पुढे कुणीही, कितीही पैसे टाकून भरू शकणार नाही.

गावच्या कॉलेजातल्या काही मुलींनी विचारलं होतं, म्हणून शेवटी थोडं कामाचं. बी.एस्सी. केमिस्ट्री करत असाल तर समुद्रविज्ञानाची वाट बंद नाही, मीही तिथूनच आले. गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे, तिथे समुद्रविज्ञानाचे अभ्यासक्रम चालतात. पुढे सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत केमिकल सायन्सेसचा पेपर देता येतो, नाहीतर पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रह विज्ञानाचा. प्रॅक्टिकलला ब्युरेटचं रीडिंग स्वतः घ्या, पार्टनरवर सोडू नका. बोट लागते का याची काळजी करू नका, मलाही लागायची. घरच्यांना काही विचारायचं असेल तर त्यांना खुशाल माझ्याशी बोलायला सांगा. फक्त सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फोन रात्री अकरानंतर करा.