उपान्त्य फेरीतले प्रश्न

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण शाळेकडून आले तेव्हा कोणत्या आठवणीवर लिहावे, याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. दूरचित्रवाणीवरील आंतरशालेय प्रश्नमंजूषा स्पर्धेत आपल्या शाळेचा संघ उपान्त्य फेरीत खेळला, त्या संघात मी होतो. त्या दिवशीचे प्रश्न मला अजूनही आठवतात. तो भाग पडद्यावर पाहणाऱ्यांना जे दिसू शकले नाही, ते लिहून ठेवायला शाळेच्या स्मरणिकेइतकी योग्य जागा दुसरी नाही, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नमंजूषेला तेव्हा फार चांगले दिवस होते. आमच्या शिक्षकांच्या पिढीने अमीन सयानी यांच्या आवाजातील बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट रेडिओवर ऐकली होती, १९८५ साली दूरदर्शनवर सुरू झालेला सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ पाहिला होता. आम्ही मुले मात्र ३ जुलै २००० रोजी सुरू झालेल्या ‘कौन बनेगा करोडपती’ची. त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे या मराठी तरुणाने एक कोटी रुपये जिंकले आणि आमच्या वर्गात मधल्या सुट्टीत दुसरा विषयच उरला नाही. पुढच्या वर्षी एका मराठी वाहिनीने शाळांसाठी स्पर्धा जाहीर केली, तेव्हा मुख्याध्यापकांनी दोघांचा संघ निवडण्याचे काम गणिताच्या सरांवर आणि भूगोलाच्या बाईंवर सोपवले.

तयारी कशी करून घेतली, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. बाजारात सामान्यज्ञानाच्या जाडजूड पुस्तिका मिळत असत आणि बहुतेक संघ त्याच घोकत. सरांनी त्या आमच्या हाती दिल्या, पण घोकायला नव्हे. रोज एकेकाने त्यातला एक प्रश्न निवडायचा आणि त्याचे उत्तर पाठ नसते तर ते कसे काढता आले असते, हे फळ्यावर सगळ्यांना समजावून सांगायचे, असा त्यांचा दंडक होता. जे उत्तर कोणत्याच मार्गाने काढता येत नाही, ते वहीच्या मागच्या पानांवर जायचे. जे काढता येते, ते पुढच्या पानांवर. बाईंचा शिरस्ता याहून वेगळा होता. त्या आम्हाला वर्गात कमी आणि कोल्हापूर गावात जास्त शिकवत. टाउन हॉलचे संग्रहालय, खासबाग मैदान, पंचगंगेचा घाट, पन्हाळा अशा एकेका ठिकाणी नेऊन त्या आमच्याकडून प्रश्न तयार करून घेत आणि उत्तरे नंतर ग्रंथालयात शोधायला लावत. आम्ही कंटाळलो तरी त्या स्वतः कधी कंटाळल्या नाहीत.

उपान्त्य फेरीचे चित्रीकरण मुंबईत होते. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने आम्ही निघालो आणि सकाळी तोंड धुऊन थेट स्टुडिओत पोहोचलो. चार शाळांचे संघ होते. प्रखर दिवे, गालाला लावलेली पावडर, सदऱ्याला अडकवलेला छोटा माइक आणि टेबलावर लाल बटण, या सगळ्याचे दडपण येण्याइतकाही वेळ मिळाला नाही, कारण पहिली फेरी लगेचच सुरू झाली. थेट फेरीतले प्रश्न सोपे होते. ज्ञानपीठ पुरस्काराचे पहिले मराठी मानकरी कोण, असा प्रश्न कोल्हापूरच्या संघाला आला, तर त्याला वि. स. खांडेकर हे उत्तर देण्यात कसले कर्तृत्व?

खरी चुरस चित्रफेरीत सुरू झाली. पडद्यावर काशाची एक लहान मूर्ती आली. विवस्त्र, दाढीधारी पुरुष, एक हात वर उचललेला आणि त्या हातातले आयुध काळाच्या ओघात नाहीसे झालेले. ही मूर्ती कोणाची आणि ती महाराष्ट्रात कोठे सापडली, असा प्रश्न होता. तो पहिल्या संघाचा होता. त्यांनी विष्णू म्हटले. दुसऱ्यांनी महावीर म्हटले. आमच्यापर्यंत प्रश्न आला तेव्हा आम्हा दोघांनाही टाउन हॉलमधले काचेचे कपाट आणि त्यापुढे उभ्या असलेल्या बाई दिसत होत्या. ब्रह्मपुरीच्या टेकडीवरील उत्खननात सापडलेली ही मूर्ती समुद्रदेव पोसायडनची आहे. भूमध्य समुद्राकाठची मूर्ती पंचगंगेच्या काठी कशी आली, हे बाईंनी आम्हाला तेव्हा सांगितले नव्हते, विचारले होते. सातवाहनकाळी कोकणातल्या बंदरांवर रोमन व्यापाऱ्यांचा माल उतरत असे आणि घाटवाटांनी तो देशावर चढत असे, इथपर्यंत आम्ही ग्रंथालयातल्या पुस्तकांवरून पोहोचलो होतो. सूत्रसंचालकांनी आमचे उत्तर बरोबर ठरवल्यावर कार्डावरची जी माहिती वाचून दाखवली, ती जवळजवळ तीच होती.

ध्वनिफेरीत एका गायिकेचा भैरवीतला आवाज ऐकवला गेला आणि १९७७ साली सोडलेल्या व्हॉयेजर अंतराळयानांवरील सोनेरी तबकडीत हा आवाज आहे, एवढाच दुवा मिळाला. सिंधुदुर्गातल्या एका शाळेच्या मुलीने क्षणात केसरबाई केरकर हे नाव सांगितले. त्या मुलीचे मला आजही कौतुक वाटते, कारण तिच्या घरी गाणे होते आणि तिने तो आवाज खरोखरच ओळखला होता. परतीच्या गाडीत बाईंनी आम्हाला त्या उत्तराचा कोल्हापूरशी असलेला धागा सांगितला: केसरबाई अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या आणि खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गायक. सूर्यमालेबाहेर निघालेल्या यानावर आपल्या दरबारातल्या गुरूची तालीम आहे, हे कळल्यावर आम्ही बराच वेळ त्याबद्दलच बोलत राहिलो.

आता ज्या प्रश्नासाठी हे सारे लिहीत आहे, तो प्रश्न. बुद्धिबळाच्या पटावर एकूण चौरस किती? ज्या संघाचा प्रश्न होता, त्याने प्रश्न संपायच्या आत चौसष्ट म्हटले. पुढच्या संघाने थोडा विचार करून पासष्ट म्हटले; संपूर्ण पट हाही एक चौरस, हे त्यांच्या ध्यानात आले होते. मग प्रश्न आमच्याकडे आला. ‘पास’ होऊन आलेल्या प्रश्नाला तीस सेकंद मिळत. माझ्या सहकारी मुलीने माझ्या मनगटावर हात ठेवून मला थांबवले आणि टेबलावर बोटाने रेघा ओढायला सुरुवात केली. एक घराचे चौरस ६४. दोन घरे बाजू असलेला चौरस आडवा सात जागी बसतो आणि उभाही सात जागी, म्हणून ४९. तीन घरांचे ३६. पुढे २५, १६, ९, ४ आणि शेवटचा १. ती आकडे पुटपुटत होती आणि मी बेरीज करीत होतो: ११३, १४९, १७४, १९०, १९९, २०३, २०४. घंटा वाजण्याच्या बेतात असताना आम्ही दोनशे चार म्हणालो. हा प्रश्न सरांच्या वहीत कधीच नव्हता. पण लहान आकृतीपासून सुरुवात करून मोठीकडे जावे, ही त्यांची शिकवण तिच्या बोटांत होती.

शेवटची बझरची फेरी. तिथे प्रश्न अवघड दुव्यापासून सोप्याकडे उलगडत जातो आणि जितके लवकर बटण दाबावे तितके धोक्याचे, कारण चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. “१९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये” इतके शब्द उच्चारले जाताच एका संघाने बटण दाबले आणि सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघाचे कर्णधार किशनलाल यांचे नाव घेतले. उत्तर चुकले, गुण गेले आणि प्रश्न पुढे सरकला: “कुस्तीच्या फ्लायवेट गटात सहावा आलेला आणि पुढच्या ऑलिम्पिकला जाण्यासाठी ज्याच्या प्राचार्यांनी”. इथे आम्ही बटण दाबले. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून खाशाबा जाधवांच्या प्रवासासाठी सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत कोल्हापुरात तालमीतला लहान मुलगाही जाणतो. १९५२ साली हेलसिंकीला मिळालेले ते कांस्यपदक म्हणजे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या उत्तराने आम्ही अंतिम फेरीत गेलो. अंतिम फेरीत आम्हाला दुसरे पारितोषिक मिळाले; त्याविषयी विशेष सांगण्याजोगे काही नाही.

काही आठवड्यांनी तो भाग प्रक्षेपित झाला. शाळेच्या सभागृहात टीव्ही मांडला होता, मुले-पालक दाटीवाटीने बसले होते. बुद्धिबळाचा प्रश्न आला, दोन्ही संघांची उत्तरे झाली आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर आम्ही “दोनशे चार” म्हणालो. मधला सगळा वेळ संकलनात कापला गेला होता. बोटाने ओढलेल्या रेघा नाहीत, पुटपुटलेले आकडे नाहीत. टाळ्या मोठ्या पडल्या आणि माझ्यामागे बसलेले एक पालक शेजाऱ्याला कौतुकाने म्हणाले, “पोरांचं पाठांतर लई भारी आहे.” ते प्रेमाने बोलले होते आणि पडद्यावर जे दिसले त्यावरून दुसरे काय म्हणणार? कार्यक्रमाला वेळेचे बंधन असते आणि स्तब्ध बसलेली दोन मुले कोणी किती वेळ दाखवणार, हेही मला समजते. तरीही त्या संध्याकाळी सरांचा चेहरा पाहून मला वाईट वाटले, कारण त्यांनी वर्षभर जे शिकवले होते नेमके तेवढेच कापले गेले होते.

आज शाळांच्या प्रश्नमंजूषा मी परीक्षक म्हणून पाहतो, तेव्हा ही गोष्ट मला अधिकच जाणवते. उत्तर आता प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. त्यामुळे केवळ लवकर उत्तर देण्याला गुण देणाऱ्या फेऱ्यांचे महत्त्व कमी व्हायला हवे होते. प्रत्यक्षात त्या वाढल्या आहेत. दहा सेकंदांत दहा नावे विचारणाऱ्या फेरीला टाळ्या मिळतात, पण तिथे शिकण्यासारखे फारसे काही घडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

महोत्सवानिमित्त होणाऱ्या आंतरवर्गीय प्रश्नमंजूषेसाठी संयोजकांनी माझ्याकडे प्रश्न मागितले, ते मी पाठवले आहेत. त्यातला एक बाईंचा आहे. अंबाबाईच्या मंदिरात मावळत्या सूर्याची किरणे गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात तो किरणोत्सव ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर असा वर्षातून दोनदा होतो. तर याच दोन वेळा का, आणि या दोन्ही वेळांच्या बरोबर मध्ये वर्षातला कोणता महत्त्वाचा दिवस येतो? या प्रश्नासाठी प्रत्येक संघाला फळा, खडू आणि पूर्ण दोन मिनिटे द्यावीत, आणि शाळा या कार्यक्रमाचे चित्रीकरण करणार असेल तर ती दोन मिनिटे कापू नयेत, एवढी माझी संयोजकांना विनंती आहे.