‘न. पै.’मधला न

खानापूरहून एक काका मासिकाचं सुटं पान घेऊन वाचनालयात आले. त्यावर त्यांच्या आजोबांचा लेख. साल नाही, अंक नाही. "हे ५६ सालचंच बघा. भाषावार प्रांतरचना झाली ना, त्या वेळचं. तेवढं लिहून द्या की."

लेखात सालाचा धागा नव्हता. पान उलटलं. मागे वर्गणीची चौकट, पत्त्यात ‘बेळगांव (म्हैसूर राज्य)’ आणि तळाला किंमत. काकांनी ती ‘३७ पैसे’ अशी वाचली होती. भिंगाखाली धरल्यावर आकड्याच्या पुढे पुसट ‘न.’ दिसला. ‘३७ न. पै.’, म्हणजे नवे पैसे. ५६ तिथंच बाद झालं.

१ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पया. म्हणजे रुपयाला ६४ पैसे. किंमत ‘सहा आणे’ किंवा ‘०-६-०’ अशी छापत. रुपये, आणे, पै या क्रमानं. त्या तारखेपासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि १ जून १९६४ ला ‘नवे’ हा शब्द अधिकृतपणे गेला. त्यामुळे ‘न.’ दिसला की खालची तारीख, म्हणजे पान कधीच्या आधीचं नाही ते, पक्की. वरची, म्हणजे कधीच्या नंतरचं नाही ती, तेवढी पक्की धरू नये, जुना मजकूर तसाच पुढं छापला जातो.

आता ३७ च का? सहा आण्यांचे साडेसदतीस होतात. अर्धा किंवा कमी असेल तर सोडायचा, जास्त असेल तर पुढचा धरायचा, असा नियम होता. म्हणून दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, सहाचे ३७. दोन आण्यांच्या चार वस्तू एकेक करून घेतल्या तर ४८, एकदम घेतल्या तर ५०. दुकानात यावरून किती वाद झाले असतील! १२, १९, ३१, ३७ असे वेडेवाकडे आकडे म्हणजे आण्यातली किंमत नुकतीच बदललेली. पुढं सवडीनं किंमत ४० किंवा ५० अशी गोळा होते. म्हणून शोध ५७ च्या एप्रिलपासून सुरू करायचा.

‘कांहीं’, ‘नाहीं’वरचे अनुस्वारही पानावर होते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते काढले, पण त्यानंतरही छापखान्यांत जुन्या वळणाचे खिळे जुळवणारे होतेच. एकट्या अनुस्वारावर साल ठरवू नये. म्हैसूर राज्याचाही तसा उपयोग कमी, कारण ते नाव १९७३ पर्यंत चाललं.

स्कॅन केलेल्या अंकांत नुसतं ‘पैसा’ शोधलं तर निम्मं हाती लागत नाही. ‘पैशाला’, ‘पैशांत’ इथं ‘स’चा ‘श’ होतो, म्हणून ‘पैशा’ वेगळं शोधावं लागतं. आणि जे सापडतं त्यात बरंच ‘पैसा वायां दवडूं नका’ छापाचं, नाण्याशी संबंध नसलेलं.

बांधीव खंड काढले. काकांचं पान ५७ च्या जूनच्या अंकातलं निघालं. त्याच्या आधीच्या अंकावर दोन्ही किमती होत्या: ‘सहा आणे (३७ न. पै.)’.


काका म्हणाले, "दोन्ही पानांची झेरॉक्स द्या."