नवी गाडी, कोरडी बेअरिंगं

नवी गाडी घेतली की आपल्याकडे आधी पेढे, मग लिंबू-मिरची, मग क्रॅश गार्ड. पहिल्या सर्व्हिसिंगला ऑइल बदललं की माणूस मोकळा. मी मात्र पहिली सर्व्हिसिंग झाली तशी मागचं चाक काढून चिमटा (मागचं चाक धरणारा फ्रेमचा हलता भाग) आणि मोनोशॉकचं लिंकेज (मागच्या एकुलत्या शॉकअपला चिमट्याशी जोडणारे सांधे) ग्रीस भरायला खोलून बसलो. डोकं ठिकाणावर आहे का, हे घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी आलटूनपालटून विचारून झालं, म्हणून कारण आधी सांगतो.

माझं काम ठिबकचं. अंबाजोगाई, केज, धारूर या पट्ट्यात थेट बांधापर्यंत जावं लागतं. डांबरी संपली की शिवरस्ता. पावसाळ्यात तिथली काळी माती टायरला अशी धरते की टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट बुजून चाक फिरायचं थांबतं. मग काडी शोधा आणि उकरत बसा. उन्हाळ्यात त्याच मातीचा फुफाटा. ज्या गाड्यांना मागे एकच शॉकअप असतो आणि तो लिंकेजवर बसवलेला असतो, त्यांचं लिंकेज नेमकं मागच्या चाकाच्या तोंडाशी, सगळ्यात खाली. चाक जे काही उडवतं ते आधी त्याच्यावर. आणि घरी येताना आपण वॉशिंग सेंटरवर थांबतो, तिथला पोरगा प्रेशरची नळी बरोब्बर तिथेच धरतो, कारण चिखल तिथेच जास्त असतो.

माझ्या मित्राच्या अशाच गाडीचं लिंकेज दोन पावसाळ्यांनंतर खोलायला गेले, तर बोल्ट निघेचना. आतली स्लीव्ह, म्हणजे बोल्टवर बसणारी लोखंडी नळी, आणि बोल्ट गंजून एकजीव झालेले. शेवटी ग्राइंडर लावला. बोल्ट, स्लीव्ह, बेअरिंगं, सील, सगळं नवं. ते बघितलं तेव्हाच ठरवलं की बोल्ट हाताने निघतात तोवरच हे काम करायचं.

या बेअरिंगांची अडचण त्यांच्या हालचालीतच आहे. चाकाचं बेअरिंग गरगर फिरतं आणि फिरताना ग्रीस स्वतःच सगळीकडे पसरवत राहतं. लिंकेजचं निडल बेअरिंग, ज्यात गोळ्यांऐवजी बारीक लोखंडी सुया असतात, ते कधीच पूर्ण फिरत नाही. खड्डा आला की जरासं वळतं, खड्डा गेला की माघारी. त्याच सुया, त्याच जागी, पुन्हा पुन्हा. मधलं ग्रीस दाबाने बाजूला सरकतं आणि परत येत नाही. त्यात पाणी शिरलं की लोखंडावर लोखंड घासून तांबूस भुकटी तयार होते, आणि हळूहळू स्लीव्हवर सुयांच्या मापाचे खळगे पडतात. मग शॉकअप दणके देतो, आपण त्याचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) कमी-जास्त करत बसतो आणि दुखणं राहतं भलतीकडेच.

शेजारच्या आप्पांकडे ट्रॅक्टर आहे. रोज सकाळी ग्रीस गन मारल्याशिवाय ते ट्रॅक्टर शेडबाहेर काढत नाहीत. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "नवी गाडी कशाला खोलायलास?"

"ग्रीस करायलोय, आप्पा."

"मग खोलायचं कशाला? थांब, गन आणतो."

गन घेऊन आले आणि खाली वाकून बराच वेळ निप्पल, म्हणजे गन लावायचं तोंड, शोधत राहिले. निप्पल नव्हतंच. "एवढे पैसे घेतेत आन् एक निप्पल देईनात!" हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. बैलगाडीच्या आखालासुद्धा वंगण घालायची सोय असायची, सोबत वंगणाचं नळकांडं लटकवलेलं असायचं. इथे अख्खं लिंकेज उतरवल्याशिवाय आत बोट जात नाही.

ग्रीससाठी मोंढ्यातल्या ऑइलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आधी नेहमीचं एपी-३ पुढे केलं, मग महागाचा हाय टेम्परेचरचा डबा. "सर, आपल्याकडचं ऊन बघा," म्हणाला. पण लिंकेजला उन्हाचं काय घेणं? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, आणि साधं लिथियम ग्रीससुद्धा वितळायला १७०-१८० अंशांच्या पुढे जावं लागतं. डिस्क ब्रेकजवळच्या चाकाच्या बेअरिंगला तापमान बघावं. इथे बघायचं ते पाणी. म्हणून पाण्याला टिकणारं, कॅल्शियम सल्फोनेटचं ग्रीस घेतलं, घट्टपणा एनएलजीआय २ (ही ग्रीसच्या घट्टपणाची मोजपट्टी). एपी-३ मधला ३ हा त्याच मोजपट्टीवरचा, म्हणजे एक पायरी जास्त घट्ट. बारीक सुयांच्या फटीत २ नंबर सहज जातं. ही मोजपट्टी २५ अंशांना धरलेली असते. आमच्या शेडमध्ये २५ अंश कधी असतात कोण जाणे. ग्रीस लाल आहे की निळं, याला काही अर्थ नाही, तो नुसता रंग असतो. मात्र दोन जातीची ग्रीसं एकमेकांत मिसळू नयेत. काही जोड्या एकत्र आल्या की पातळ होऊन वाहून जातात. त्यामुळे जुनं पुसून काढणं हे नवं भरण्याइतकंच महत्त्वाचं.

टॉर्क पाना (बोल्ट नेमका किती जोराने आवळला ते सांगणारा) लातूरच्या एका चारचाकी गॅरेजमधून ओळखीने आणला. बाकी हत्यारं घरचीच.

सगळे घट्ट नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घेतले. डबल स्टँडवर उभ्या गाडीला दांडीने हिसके देणं बरं नाही. मग स्टँड, चाक बाहेर, ब्रेकचा कॅलिपर सुतळीने फ्रेमला टांगला, नाहीतर सगळा भार ब्रेकच्या नळीवर येतो. डिस्कवर कापड गुंडाळलं. ग्रीसचा हात एकदा डिस्कला लागला की पुढच्या वेळी ब्रेक देवाच्या भरवशावर. उतरवण्याआधी मोबाइलवर फोटो काढले, कारण रॉकर (लिंकेजचा मधला वळणारा तुकडा) उलटा बसतो का सुलटा, हे संध्याकाळी आठवत नाही.

खरी मजा पहिल्या बोल्टला आली. नट काढला, पण बोल्ट जागचा हलेना. हातोडी घ्यायचा मोह होतो, घेऊ नये. चाक काढलं की चिमट्याचा भार लिंकेजवर लोंबतो आणि बोल्ट आडवा अडकतो. चिमट्याखाली लाकडी ठोकळा ठेवला, त्याच्यावर पातळ फळीचे तुकडे एकेक करून सरकवत गेलो. एका उंचीला आल्यावर तोच बोल्ट नुसत्या अंगठ्याने सरकन बाहेर आला. प्रत्येक बोल्टला हेच.

स्लीव्ह बाहेर काढून उजेडात धरली. मधोमध पिवळसर ग्रीसचा पातळ थर, नखाने खरवडला तर नखाच्या कडेला जेमतेम राहील एवढा. दोन्ही टोकं कोरडी. रॉकरच्या एका बेअरिंगमध्ये बरं होतं, दुसऱ्यात नुसता ओलावा. आणि खालच्या सीलच्या ओठाला लागून केसाएवढी तांबूस रेघ, नवीन गाडीला! पॉलिश पेपर लागला नाही, चिंधीने पुसली तशी गेली. आणखी एका पावसाळ्याने ती पुसून गेली नसती. आप्पांनी स्लीव्ह चिमटीत फिरवून बघितली आणि काही न बोलता सतरंजी ओढून माझ्या शेजारी बसले.

बेअरिंग साफ करताना एक सावधगिरी. काही निडल बेअरिंगांना पिंजरा नसतो, स्लीव्ह निघाली की सुया फक्त ग्रीसच्या जोरावर जागी थांबतात. डिझेलने धुतल्या की गळायला लागतात. मी खाली पेंड कालवायचं घमेलं ठेवलं होतं, त्यात दोन-तीन पडल्याच. आप्पांनी चष्मा वर करून एकेक वेचून दिली. चिंधीने पुसून, सुया परत ग्रीसनेच चिकटवून, बोटाने एका बाजूने दाबत गेलो, पलीकडच्या फटींतून ग्रीस डोकावेपर्यंत. सीलच्या आतल्या ओठालाही भरपूर, कारण पाण्याला पहिली आडकाठी तीच. स्लीव्ह गोल फिरवत आत ढकलली की जास्तीचं बाहेर येतं. ते पुसून टाकायचं. बाहेर राहिलेल्या ग्रीसवर धूळ बसून त्याचीच घासायची पेस्ट होते.

बोल्टच्या दांड्याला ग्रीसचा नुसता हात फिरवला, गंज धरू नये म्हणून. आटे मात्र कोरडे. आट्यांना ग्रीस लागलं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. टॉर्कचं कौतुक यासाठी की घट्ट बोल्ट स्लीव्हला दोन्ही बाजूंनी आवळून धरतो. स्लीव्ह जागची हलत नाही आणि सुया तिच्याभोवती वळतात. बोल्ट सैल राहिला की स्लीव्हच बोल्टवर फिरायला लागते आणि बेअरिंग नुसतं बघत बसतं. नायलॉनच्या कड्याचे नट नवे टाकले.

चिमट्याच्या मुख्य बोल्टलाही असंच. शॉकअपच्या वरच्या टोकाला माझ्या गाडीत रबरी बुश आहे, त्याला हात लावला नाही. रबराला हे ग्रीस लावलं तर ते फुगून खराब होऊ शकतं.

पुढचा बॉल रेसर, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग, मी खोलला नाही. हँडल, वरची प्लेट, पुढचं चाक एवढं सगळं उतरवून वर नट आवळायचा अंदाज हाताला लागतो, आणि माझ्या हाताला तो नाही. ते आमच्या मिस्त्रींनी केलं. नट किती आवळायचा हे त्यांनी करून दाखवलं. पुढचं चाक अधांतरी ठेवायचं आणि हँडल सरळ धरून बोटाने जरा ढकलायचं. ते स्वतःच्या वजनाने एका बाजूला जाऊन पडलं पाहिजे. मध्येच अडकलं तर जास्त आवळलंय. मग खालून फोर्क धरून पुढे-मागे हलवायचं, टक् असं लागलं तर सैल आहे. या दोन्हींच्या मध्ये नटाचा फार थोडा फरक असतो. त्यांनी तीनदा-चारदा नट मागेपुढे केला, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

सर्व्हिस सेंटरवर वॉरंटीचा विषय निघालाच. मी मालकाच्या पुस्तकातला देखभालीचा तक्ता उघडून लिंकेजला ग्रीस करण्याची ओळ दाखवली, आणि ग्रीसच्या डब्याचा व नटांचा फोटो जॉबकार्डला लावून घ्यायला सांगितलं. बरेच आढेवेढे झाले, पण लावला. वॉशिंग सेंटरच्या पोरालाही आता सांगून ठेवलंय की लिंकेजवर नळी लांबून मार. तो मान डोलावतो आणि जवळूनच मारतो, म्हणून गाडी धुताना मी तिथेच उभा राहतो.