ब्रसेल्समधली शाळा आणि बेळगावची मी

ऑक्टोबर संपत आला की आमच्या इमारतीत एकच विषय असतो, सुट्ट्या. तिसऱ्या मजल्यावरची दोन्ही मुलं फ्रेंच शाळेत, त्यांना दोन आठवडे सुट्टी. आमची लेक डच शाळेत, तिला एकच. २०२२ पासून फ्रेंच शाळाखात्याने साधारण सात आठवडे शाळा आणि दोन आठवडे सुट्टी असं नवं वेळापत्रक आणलं, डच खात्याने जुनंच ठेवलं. उन्हाळ्याच्या सुट्ट्याही आता पुढेमागे. तळमजल्यावरची बाई डच शाळेत शिकवते आणि तिची मुलं फ्रेंच शाळेत जातात. परवा तिने जिन्यातच मला गाठून सगळा राग काढला. दोन शिक्षणमंत्री एका टेबलाशी बसून कॅलेंडर जुळवू शकत नाहीत म्हणजे काय! मी मान डोलावली. मनात म्हटलं, बाई, तुमचं भांडण सुट्ट्यांपर्यंत येऊन थांबलंय, नशीबवान आहात.

मी बेळगावची, त्यामुळे शाळा कुठल्या भाषेची हा आमच्याकडे जेवताना निघणारा विषय. कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात १९८६ साली बेळगावजवळच्या हिंडलग्याला गोळीबार झाला, माणसं गेली. आम्ही त्या गोष्टी ऐकतच वाढलो. ‘भाषिक सीमा’ हे शब्द इथे बेल्जियममध्ये आल्यावर फ्लेमिश, म्हणजे इथल्या डच बोलणाऱ्या लोकांच्या तोंडून ऐकले तेव्हा मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. बेल्जियमने १९६२-६३ मध्ये कायद्याने देशाच्या नकाशावर रेघ ओढली. वर डच, खाली फ्रेंच, पूर्वेच्या कडेला थोडी जर्मन. रेघेच्या कुठल्या बाजूला राहता त्यावर मुलांच्या शाळेची भाषा ठरली. फूरेन नावाची मूठभर खेडी या रेघेपायी एका प्रांतातून दुसऱ्यात गेली आणि त्यांच्या महापौराच्या भाषेवरून १९८७ साली चक्क केंद्रातलं सरकार पडलं. लूवेनचं विद्यापीठ तर १९६८ नंतर फोडलंच. फ्रेंच विभागासाठी शेतजमिनीवर नवं गाव वसवलं आणि ग्रंथालयातली पुस्तकं सम आणि विषम क्रमांकांनी वाटून घेतली. म्हणजे एकाच मालिकेतले खंड दोन गावांत. हे ऐकून माझ्या भावाला इतका आनंद झाला की विचारू नका. आपल्यापेक्षा वेडे लोक जगात आहेत याचा तो आनंद होता.

ब्रसेल्स मात्र या रेघेतून सुटलेलं. इथे दोन्ही भाषांच्या सरकारी खर्चाच्या शाळा आहेत आणि कुठल्या दारातून आत जायचं ते आईबाप ठरवतात. तेही मध्ये काढून घेतलं होतं, १९७१ मध्ये परत दिलं. गंमत म्हणजे याच देशातल्या पालकांच्या खटल्यात स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९६८ साली सांगितलं की शिक्षणाचा हक्क आहे, पण ते आपल्या पसंतीच्या भाषेत मिळण्याचा हक्क नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नेमकं उलट सांगितलं, प्राथमिक शाळेचं माध्यम म्हणून मातृभाषा सरकारला लादता येणार नाही. आणि तो खटला होता कुठला? कर्नाटकचा!

निकाल आपला जास्त उदार आहे, हे मी इथल्या लोकांना आवर्जून सांगते. त्या उदारपणाचं आपण काय केलं, ते सांगत नाही.

घरून फोन आला की पहिला प्रश्न, “अगं, तिथे इंग्रजी मीडियम मिळत नाही का?” मिळतं. आंतरराष्ट्रीय शाळांची वर्षाची फी तीस हजार युरोंच्या वर सहज जाते, कंपनी भरत असेल तर भरा. आम्हाला कंपनी भरत नाही. पण समजा भरली असती तरी मी घातलं नसतं, असं मी सगळ्यांना सांगते.

मग डच का, आजूबाजूला तर सगळे फ्रेंच बोलतात? हा दुसरा प्रश्न, आणि तो इथले भारतीयच जास्त विचारतात. बेकरीत फ्रेंच, ट्रॅममध्ये फ्रेंच, दवाखान्यात फ्रेंच. खरं आहे. पण रस्त्यावरची भाषा ती रस्त्यावर शिकेलच, आणि नोकरीच्या बाजारात इथे दोन्ही येणाऱ्याला भाव आहे. आमच्यासारखा हिशोब करणारे खूप आहेत. साडेतीनला शाळेच्या फाटकाशी उभं राहिलं की अरबी, तुर्की, पोलिश, फ्रेंच सगळं कानावर येतं, डच बोलणारे आईबाप शोधावे लागतात. बाहेर येणारी मुलं आपापसात फ्रेंचमध्ये ओरडत असतात, बाईंना पाहिलं की तोंडं डच होतात. आमचीही तशीच. फाटकाबाहेर दोन पावलं टाकली की “आई, आज युफ रागावली” सुरू. युफ म्हणजे बाई. शाळेची पत्रं फक्त डचमध्ये येतात, मग आम्ही सगळ्या आया फाटकाशीच मोबाइल त्या कागदावर धरून भाषांतर वाचतो. सहलीला रेनकोट पाठवायचा की खाऊ, यावर तिथेच चर्चा होते.

शाळेत प्रवेश मिळवणं हे मात्र वेगळंच प्रकरण. फेब्रुवारी-मार्चात ऑनलाइन अर्ज, शाळांची पसंतीक्रमाने यादी, घरापासूनचं अंतर, नशीब. निम्म्याहून जास्त जागा डच बोलणाऱ्या घरांसाठी राखीव, आणि ‘डच बोलणारं घर’ ठरायला आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडे बी-टू पातळीचा, म्हणजे बऱ्यापैकी सफाईने डच येत असल्याचा, पुरावा हवा. नवऱ्याने त्यासाठी दोन हिवाळे संध्याकाळचे वर्ग केले. ऑफिसातून येऊन, डोळे मिटत असताना, क्रियापदं पाठ! मला आधी हा नियम फार लागला. जागा आमच्या करातून, वर परीक्षाही आमचीच. नंतर वाटलं, अल्पसंख्य झालेली भाषा आपली शाळा राखते म्हणजे असंच काहीतरी करणार. बेळगावातल्या मराठी शाळांत मराठी घरांचीच मुलं कमी होत चालली, तेव्हा आपण कुठला नियम केला? भावाची दोन्ही मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा एक नोव्हेंबरचा काळा दिवस तो अजूनही पाळतो.

पाच वर्षांच्या मुलांची डचची चाचणी होते, तिचं नाव कोआला. नाव गोड, पण आयांचे चेहरे बघा. चाचणीनंतर आमच्या बाईंनी बोलावून घेतलं. लेक हुशार आहे, शब्दसाठा कमी पडतो, घरी थोडं डच बोलता का? मी माझ्या मोडक्या डचमध्ये सांगितलं की घरी मराठीच बोलणार. आवाज जरा चढलाच असावा. आमचं डच ऐकून ती शिकली तर तुम्हालाच दुरुस्त करावं लागेल, असंही म्हटलं. त्यावर बाई हसल्या आणि वाचनालयाचं कार्ड काढून द्या म्हणाल्या. ते काढलं. आता आठवड्याला डच चित्रपुस्तकं येतात, आणि रात्री मी त्यातली चित्रं दाखवून मराठीत गोष्ट सांगते. ती मध्येच थांबवून म्हणते, “असं नाही लिहिलंय.”

गेल्या वर्षी महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, जूनअखेर मागे घेतला गेला, तेव्हा इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर आठवडाभर रणकंदन चाललं होतं. त्यात सगळ्यात जोरात लिहिणाऱ्यांची मुलं मराठी वाचू शकत नाहीत. माझी शनिवारी बाराखडी लिहिते, रडत रडत का होईना. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही, इथे लिहितेय.

येत्या फेब्रुवारीत धाकट्याची पाळी. भावंडांना प्राधान्य असतं, त्यामुळे त्याची जागा त्याच शाळेत जवळजवळ पक्की. नवरा अधूनमधून म्हणतो, याला फ्रेंचमध्ये घालू, घरात दोन्ही होतील. आपण दोन्हीकडच्या पालकसभा करायच्या? मी विषय तिथेच संपवते.