एकच प्रथिन, तीन रंग: माझ्या एम.एस्सी. प्रोजेक्टचा अनुभव

चौथ्या सेमिस्टरला मी यीस्टमधल्या प्रायॉनवर, म्हणजे आपली वेगळी घडी तशाच दुसऱ्या प्रथिनांनाही घालायला लावणाऱ्या प्रथिनावर, प्रोजेक्ट घेतला तेव्हा घरी पहिला प्रश्न आईचा आला, "मॅड काऊचा रोग त्यो ह्योच न्हवं?" तिची काळजी खरी होती. पण त्या रोगामागचं प्रथिन वेगळं. माझं प्रथिन सप-३५, यीस्टचं. त्याच्यापासून माणसाला काही होत नाही.

सरांनी तीन नळ्या दिल्या. तिन्हींत तेच यीस्ट, तेच जनुक, तेच प्रथिन. फरक इतकाच की एकीत सप-३५ मोकळं होतं आणि उरलेल्या दोहोंत ते तंतूंमध्ये अडकलेलं होतं, दोन वेगवेगळ्या घड्या घालून. हे ओळखायचं कॉलनीच्या, म्हणजे प्लेटवर वाढलेल्या यीस्टच्या ठिपक्याच्या, रंगावरून. या यीस्टच्या एडीई-१ जनुकात मध्येच 'थांबा'ची खूण आहे. सप-३५ मोकळं असलं की जनुक वाचताना पेशी तिथंच थांबते, अ‍ॅडेनिन हे तिला लागणारं द्रव्य तयार होत नाही, लाल रंग साठतो. सप-३५ तंतूंत अडकलं की खूण ओलांडली जाते आणि कॉलनी पांढरी होते.

माझ्या पहिल्या प्लेटा वाया गेल्या. सगळ्या कॉलन्या सारख्याच, सायीच्या रंगाच्या. माध्यमात घालतात त्या यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्येच अ‍ॅडेनिन असतं, ते भरपूर मिळालं की लाल रंग साठत नाही, आणि मी एक्स्ट्रॅक्ट नेहमीच्या मापानं घातलं होतं. पुढच्या वेळी पाव माप घातलं, ३० अंशांवर चार दिवस वाढवलं, मग प्लेटा फ्रीजमध्ये ठेवल्या. तिथं रंग चांगला चढतो. आता एक नळी लाल आली, एक पांढरी आणि तिसरी गुलाबी.

गुलाबी बघून मला वाटलं, लाल-पांढरं मिसळलं. एकेक कॉलनी उचलून पुन्हा रेघा ओढल्या. तीनदा. गुलाबी गुलाबीच राहिली, अधूनमधून एखादी लाल फाक तेवढी दिसे. म्हणजे तो स्वतंत्र, पिढ्यान् पिढ्या चालणारा गुण होता. ब्रायन कॉक्स यांनी १९६५ मध्ये असा गुण नोंदवला तेव्हा तो जनुकांच्या नेहमीच्या नियमांत बसत नव्हता. १९९४ मध्ये रीड विकनर यांनी यीस्टमधले असे गुण प्रायॉनचे असल्याचं मांडलं.

खरी अडचण वाचताना आली. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जोनाथन वाइसमन यांच्या प्रयोगशाळेत शुद्ध सप-३५ चे तंतू ४ अंशांवर आणि ३७ अंशांवर वेगवेगळे बनवून यीस्टमध्ये घातले गेले. ४ अंशांच्या तंतूंनी पांढरा, म्हणजे जोरकस प्रकार दिला; ३७ अंशांच्यांनी गुलाबी, कमजोर. २००७ मध्ये दिसलं की ३७ अंशांच्या तंतूचा घट्ट गाभा प्रथिनाचा जास्त लांब भाग व्यापतो. म्हणजे मजबूत तंतू कमजोर गुण देतो! दोन रात्री मी ते पान उलटंसुलटं वाचलं.

उकल अण्णांमुळे झाली. ते साखर कारखान्यात पॅनमन आहेत, पॅनमध्ये रस आटवून साखरेचा दाणा धरणारे. हंगाम संपत आला होता, रात्री जेवताना मी सहज विचारलं, पॅनमध्ये बी, म्हणजे दाणा धरायला घालतात ते साखरेचे बारीक कण, जास्त पडलं तर काय होतं?

"दाणा बारीक ऱ्हातो, पर लई होतो," ते म्हणाले. "आन् रसातली साखर भराभरा वढून घेतो. दाणं कमी असलं की रस मागं ऱ्हातो."

मी ताट तसंच ठेवून वही आणली. यीस्टच्या पेशीत एचएसपी-१०४ नावाचं प्रथिन तंतू तोडत असतं. ४ अंशांचा तंतू लवकर तुटतो, टोकं वाढतात, प्रत्येक टोक मोकळं सप-३५ ओढून घेतं. ३७ अंशांचा चिवट तंतू कमी तुटतो, टोकं थोडी राहतात, बरंच प्रथिन मोकळं राहतं. म्हणून गुलाबी. विरजणाची उपमा मी आधी वहीत लिहिली होती, ती खोडली. विरजणात जिवाणू जिवंत असतात, इथं नुसता आकार पुढं जातो.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि लगेच फरक दाखवला. "साखर बारीक असू दे न्हाईतर ठोकळ, आत तीच की. तुज्यात दाण्याची घडणच बदलती."

ते वाक्य, बोली काढून, मी प्रबंधाच्या चर्चेत घातलं.

शेवटचा प्रयोग ग्वानिडीन या रसायनाचा. ३ मिलिमोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइडमध्ये एचएसपी-१०४ बंद पडतं, तंतू तुटत नाहीत, आणि पेशी विभागत जाताना तंतूंचं बी विरळ होत संपतं. पांढरी आणि गुलाबी, दोन्ही यीस्ट चार दिवस रोज नव्या माध्यमात काढली आणि मग प्लेटांवर पसरली. पसरल्यापासून पाचव्या दिवशी फ्रीज उघडला तेव्हा दोन्ही प्लेटा लाल होत्या. जनुकाला कुणी हात लावला नव्हता. मी त्या प्लेटा डब्यात घालून घरी नेल्या, अण्णांना दाखवायला.